वहीत नाव कुणाचं?



मागच्या वर्षी मी सहा महिने इंग्लंडात राहून आले, तेव्हापासून गावात माझं नाव ‘लंडनवाली काकू’ पडलंय. खरं सांगू का, मी लंडन पाहिलंच नाही. विमान मँचेस्टरला उतरलं, तिथून लेकीच्या घरी, आणि परत येताना पुन्हा मँचेस्टर. लेक तिकडं दवाखान्यात नर्स आहे. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून मी गेले. डिंक, हळीव, खारीक, सगळं पिशवीत बांधून नेलं होतं. राजवाडा कसा होता असं विचारू नका. मी पाहिलेलं इंग्लंड म्हणजे लाल विटांच्या घरांची एक लांबच लांब रांग, कोपऱ्यावरचं दुकान, मागच्या बाजूचं क्रिकेटचं मैदान आणि सतत भुरभुरणारा पाऊस.

ती घरं एकाला एक चिकटून. पूर्वी कापडगिरण्यांच्या मजुरांसाठी बांधलेली. मुंबईची चाळ आडवी करून रस्त्याकडेला मांडली तर कशी दिसेल, तशी. माणसं मात्र मोकळी. बसमध्ये आपलाच धक्का लागला तरी तीच आधी ‘सॉरी’ म्हणतात. रांग मोडणं हा तिथं चोरीइतकाच मोठा गुन्हा. बोलायला काही नसलं की हवेवर बोलायचं. आपण नाही का, ‘पाऊस कसाय तुमच्याकडं?’ म्हणून सुरुवात करतो? फरक इतकाच, की आपण तो कधी येतोय म्हणून विचारतो आणि ती कधी जातोय म्हणून.

एक फजिती सांगते. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी राहायच्या. त्यांनी मला संध्याकाळी पाच वाजता ‘टी’ला बोलावलं. मी म्हटलं चहा-बिस्किट असेल, म्हणून साडेचारला पोटभर भाकरी खाऊन गेले. तर आजींनी टेबलावर बटाटे, वाटाणे, पेस्ट्रीत भाजलेली भाजी असं सगळं मांडलेलं. मी मांसाहार करत नाही हे लेकीला आधीच विचारून ठेवलं होतं त्यांनी. इंग्लंडच्या त्या उत्तर भागात संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात. दोन जेवणं जेवून मी घरी आले.

पण आज बोलायचंय ते त्या कोपऱ्यावरच्या दुकानाबद्दल. पहिल्याच आठवड्यात लेक म्हणाली, “आई, को-ऑपमधून दूध आणतेस का?” आपण दूधवाली माणसं. घरी चार संकरित गाया, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. म्हटलं बघू तरी साहेबाचं दूध कसं असतं. तिथं प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये दूध मिळतं, सव्वादोन लिटरचा एक कॅन. निळ्या खुणेचं पूर्ण सायीचं, हिरव्या खुणेचं निम्मी साय काढलेलं, लाल खुणेचं साय नसलेलं. फॅट, डिग्री काही विचारायचं नाही, खुणेचा रंग बघायचा. मी निळं घेतलं आणि लेकीला विचारलं, “हे दुकान कुणाचं गं? मालक कोण?” ती म्हणाली, “मेंबरांचं. मी पण मेंबर आहे. एक पौंड भरला की होता येतं.” आणि तिनं पर्समधून कार्ड काढून दाखवलं. म्हणजे आपली सोसायटीच की! देशभर दुकानं असलेली, आणि कुणी गेलं तर अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारी शाखासुद्धा असलेली सोसायटी.

मी लोणीपासून दहा-बारा किलोमीटरवरची. आमच्याकडं ऊस सोसायटीचा, दूध सोसायटीचं, कर्ज सोसायटीचं. इतक्या लांब येऊन पुन्हा सोसायटीच भेटली म्हटल्यावर मला राहवेना. जावयांनी सांगितलं, हे सगळं जिथं सुरू झालं ते गाव इथून जवळच आहे. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर एका शनिवारी ते मला तिथं घेऊन गेले. गावाचं नाव रॉचडेल.

टोड लेन नावाच्या एका गल्लीत ते जुनं दुकान अजून उभं आहे. आता तिथं संग्रहालय आहे. बुटकी खोली, पिंपांवर फळी टाकून केलेला गल्ला, तराजू. बस्स. १८४४ साली २८ माणसांनी एकेक पौंड काढून हे दुकान घातलं. त्यांत लोकर विणणारे मागवाले बरेच. आपल्या बचत गटासारखंच, दर आठवड्याला दोन-तीन पेन्स गोळा करत करत तो पौंड जमवला होता. त्या वेळी मजुरांना गिरणीतून पगार अपुरा, दुकानदाराची उधारी कायम, आणि उधारी असली की तो देईल तो माल घ्यायचा. पिठात खडू, वापरून वाळवलेल्या चहाच्या पत्तीची भेसळ, मापात काटा मारलेला. १८४४ च्या २१ डिसेंबरला, ऐन थंडीत, रात्री त्यांनी दुकानाच्या फळ्या उघडल्या. आत माल काय? थोडं लोणी, साखर, कणीक, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. बाहेर गल्लीतली पोरं टिंगल करत उभी होती म्हणे.

नियम मात्र त्यांनी पक्के केले. माल शुद्ध, माप पूर्ण, उधारी बंद. शेअर कितीही असोत, मत एकच. आणि सगळ्यांत हुशारीचा नियम नफ्याचा. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याला नफा जास्त. यांनी ठरवलं, शेअरला ठरावीक व्याज द्यायचं, आणि उरलेला नफा ज्यानं जितका माल घेतला त्या प्रमाणात वाटायचा. वर्षभरात तुम्ही दहा हजारांचा किराणा नेला आणि मी वीस हजारांचा, तर मला तुमच्या दुप्पट. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. दिवाळीला डेअरीतून लिटरमागे दूध फरक मिळतो तो याच हिशोबानं. ज्याचं दूध जास्त त्याला फरक जास्त, मग शेअर एक असो की दहा.

याला तिकडं ‘डिव्हिडंड’ म्हणायचे, लाडानं ‘डिव्ही’. प्रत्येक सभासदाचा एक नंबर. किराणा घेताना नंबर सांगायचा, तो वहीत लिहिला जायचा, आणि मुदत संपली की डिव्ही हातात. पोरांचे बूट, शाळेचे कपडे, सणासुदीचा खर्च, सगळं त्यावर. आमच्या शेजारच्या आजींना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. पण मी रॉचडेलला जाऊन आल्याचं सांगितलं, तर त्यांनी आपल्या आईचा डिव्ही नंबर घडाघडा म्हणून दाखवला. पाच आकडे. सात वर्षांच्या असताना सामान आणायला पाठवायचे तेव्हा पाठ केलेला. आईला जाऊन पन्नास वर्षं झाली असतील.

मी विचारलं, “नंबर आईचा होता की वडिलांचा?” आजी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “आईचा. आईनं भांडून घेतलेला.”

इथून पुढं मला खरी गोष्ट कळायला लागली. मैत्रिणींनो, त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची कमाई आणि मालमत्ता कायद्यानं नवऱ्याची असे. १८७० आणि मग १८८२ साली कायदे झाले, तेव्हा कुठं बाईचं ते बाईचं झालं. असं असताना रॉचडेलच्या दुकानानं १८४६ सालीच एका बाईला सभासद करून घेतलं होतं. एलायझा ब्रायर्ली तिचं नाव. दुकान सुरू होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. पण रॉचडेलचं पाहून पुढं गावोगाव ज्या सोसायट्या निघाल्या, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी नियम होता की एका घरात सभासद एकच. आता एकच म्हटल्यावर तो कोण होणार, हे तुम्हाला सांगायला नको. बाजारहाट बाई करणार, पिशव्या बाई वाहणार, दुकानात पायरी बाई झिजवणार, आणि सभेला जाऊन मत देणार नवरा.

यावर १८८३ साली तिथल्या बायकांनी आपला वेगळा संघ काढला, विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड. सहकाराच्या एका साप्ताहिकात बायकांसाठी एक कोपरा सुरू झाला होता, तिथं अॅलिस अॅकलंड या बाईंनी लिहिलं, आणि त्यातून पत्रं, मग बैठका. म्हणजे आपलं हे रेडिओवरचं बोलणं आणि हे मासिक, यांच्यासारखंच कायतरी. त्यांची एक मागणी अशी, की एका घरातून एकापेक्षा जास्त सभासद घ्या. दुसरी मागणी आणखी नाजूक होती. १९११ च्या विमा कायद्यानं तिथं बाळंतपणाला ३० शिलिंग मिळायला लागले. पण विमा नवऱ्याचा असला तर पैसे मिळणार नवऱ्याला. पोटात नऊ महिने कुणी वाढवलं, आणि पैसे कुणाच्या हातात! गिल्डच्या बायका यावर झगडल्या आणि १९१३ साली कायद्यात बदल झाला. ते पैसे आईचे ठरले. पुढं १९१५ साली त्यांनी आपल्या सभासद बायकांची १६० पत्रं छापली. बाळंतपणात काय सोसलं, किती मुलं गेली, चौथ्या दिवशी उठून धुणं कसं धुतलं. मार्गारेट ल्युएलिन डेव्हिस या त्यांच्या सेक्रेटरींनी ते पुस्तक केलं. तो संघ २०१६ पर्यंत चालला.

माझी लेक बाळंतपणाच्या रजेवर होती. घरी सुईण येऊन बाळाचं वजन करून जायची, आणि रजेचा पगार लेकीच्या खात्यावर यायचा. मी त्या दिवशी तिला सांगितलं, हे असंच आलेलं नाही बरं का. ती म्हणाली, “आई, मला इथं पाच वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं.”

आता माझी खोडच लागली. जिथं जाईन तिथं विचारायचं, मालक कोण? घरामागं क्रिकेटचा क्लब होता. शनिवारी दुपारी पांढऱ्या कपड्यात मॅच, मध्येच चहाची सुट्टी, लांब टेबलावर सँडविच आणि केक. विचारलं, मैदान कुणाचं? सभासदांचं. वर्षाची वर्गणी भरायची, सभेला यायचं. मोठ्या जिल्हा संघांचंही बऱ्याच ठिकाणी तसंच, क्लब सभासदांचा. त्यांना तिथं काउंटी म्हणतात. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान २००६ साली वूस्टरशरकडून खेळला, संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे लेस्टरशरकडून. दोन्ही क्लब सभासदांचे. झहीरचं नाव काढल्यावर तिथले एक गृहस्थ हसायला लागले. २००७ साली नॉटिंगहॅमला तो फलंदाजीला आला, तर क्रीझवर कुणीतरी जेलीच्या गोळ्या टाकल्या होत्या, चिडवायला. त्यानं पुढच्या डावात पाच बळी घेतले आणि आपण ती मॅच जिंकलो. नगरकराला डिवचू नये!

पण या सगळ्या सभासदांच्या क्लबांत बायका कुठं? सँडविच करायला. मला ते दृश्य ओळखीचं वाटलं. आपल्याकडं वार्षिक सभेला चहा कोण करतं? लंडनमध्ये एमसीसी नावाचा क्लब आहे, क्रिकेटचे कायदे लिहिणारा, १७८७ सालचा. त्यानं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं १९९८ साली. हिशोब करा, २११ वर्षं. फुटबॉलची गोष्ट तर त्याहून वाईट. प्रेस्टन गावच्या एका कारखान्यातल्या मजूर पोरींचा संघ होता. १९२० च्या डिसेंबरात त्यांची मॅच बघायला लिव्हरपूलच्या मैदानात ५३ हजार माणूस जमलं. पुढच्याच वर्षी फुटबॉलच्या संस्थेनं ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही, आमची मैदानं त्यांना द्यायची नाहीत. ती बंदी उठायला १९७१ साल लागलं. मी तिथं होते तेव्हा त्याच क्लबच्या मैदानावर मंगळवारी संध्याकाळी पोरी सराव करायच्या. मी बाळाला गाडीत घालून बघत उभी राहायची.

मैत्रिणींनो, परत आले तेव्हा माझ्या डोक्यात हेच फिरत होतं. आपल्या जिल्ह्याला सहकार काही नवा नाही. इंग्रजांनी भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं केलं, प्रवरेच्या कालव्याला पाणी आलं, ऊस आला. ऊस होता शेतकऱ्याचा आणि साखर होती कंपन्यांची. मग विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं. केंब्रिजला शिकून आलेले धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ साली प्रवरानगरला पहिला गळीत हंगाम झाला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचं नाव जगभर घेतात. आम्ही शाळेत असल्यापासून हे ऐकतोय, छाती फुगवून ऐकतोय. पण आमच्या घरातले कारखान्याचे शेअर आधी सासऱ्यांच्या नावावर, मग ह्यांच्या. सोसायटीचे ह्यांच्या. डेअरीचा नंबर ह्यांचा. अठ्ठावीस वर्षं पहाटे साडेचारला उठून धारा मी काढते.

मी डेअरीच्या सेक्रेटरींना विचारलं, मला माझ्या नावानं सभासद व्हायचंय. ते हसले. म्हणाले, “वहिनी, बिल तर एकाच घरात येतं. आणि वारस म्हणून तुमचंच नाव लावलंय.” ऐकायला बरं वाटतं, पण यात मेख आहे ती समजून घ्या. वारस म्हणून नाव असणं म्हणजे सभासदाच्या माघारी त्या शेअरशी आपला संबंध येणार. तो असेपर्यंत आपल्याला ना मत, ना सभेत बोलायचा हक्क, ना निवडणुकीला उभं राहायचा. सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात बायकांसाठी दोन जागा राखीव असतात. पण त्या जागेवर बसायला आधी बाई सभासद पाहिजे. म्हणून तर निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांच्या घरातल्या सुनांच्या नावानं शेअर निघतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की बिल एकाच घरात येतं.

मग मी पोटनियम मागितले. प्रत्येक संस्थेचे ते छापलेले असतात, बघायला मागता येतात. सभासद व्हायला काय लागतं ते त्यात असतं: वय, रहिवास, शेअरची रक्कम, प्रवेश फी, आणि दुधाच्या संस्थेत किती दिवस, किती लिटर दूध घातलं पाहिजे ते. एका घरात एकच सभासद असं आमच्या पोटनियमात कुठंही लिहिलेलं नाही. ती नुसती पडलेली पद्धत. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचं २३ वं कलम सांगतं, की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची. संस्थेनं तीन महिन्यांच्या आत निर्णय कळवायचा, नाकारला तर कारण सांगायचं, आणि ते पटलं नाही तर निबंधकाकडे अपील करता येतं. ज्यांचं दूध खाजगी डेअरीला जातं त्यांना शेअरचा प्रश्न नाही. तिथं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं एवढंच बघायचं. बचत गटात खातं आपल्या नावानं उघडताना आपण किती फोटो आणि सह्या दिल्या, आठवतंय ना? तेवढाच खटाटोप.

घरात काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल रेडिओवर बोलायला काय जातंय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “माझ्यावर भरवसा नाही का?” दोन दिवस बोलणं बंद. भरवशाचा प्रश्न नव्हताच, पण ते शब्दांत कसं सांगावं कळेना. तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठले नाही. मुद्दाम नाही हो, खरंच ताप भरला होता. चार गायांच्या धारा काढून, वैरण टाकून, डेअरीला जाऊन ते आले आणि माझ्या उशाशी बसले. म्हणाले, “दोन गायांचं दूध तुझ्या नंबरावर घालू. फॉर्म आण.” तापापेक्षा या बोलण्यानं मला जास्त घाम फुटला.

अर्ज देऊन आज एकवीस दिवस झाले. पोचेवर शिक्का आहे, ती मी देवघराच्या खणात ठेवलीय. काल धाकट्या नातवाला सहज विचारलं, “आपला डेअरीचा नंबर किती रे?” झोपेतून उठवलं तरी सांगेल असा त्यानं सांगितला, एकशे सदतीस. तो आजोबांचा. माझा नंबर आला की पुढच्या महिन्यात याच वेळी तुम्हाला सांगेन. येते, नमस्कार.